लेट्यूसला सावली किती आणि माध्यम कोणते, हे एकत्रच का ठरवावे लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोन ठिकाणी लेट्यूस लावले. एकीकडे ७५ टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली, निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मे गांडूळखत भरलेल्या उथळ ट्रेमध्ये. दुसरीकडे उघड्या उन्हात, माती आणि बारीक वाळू भरलेल्या काळ्या कुंड्यांमध्ये. जाळीखालची रोपे उंच, किडकिडीत आणि फिकट झाली आणि त्यांतली काही बुडाशी कुजून आडवी पडली. उघड्यावरची रोपे ठेंगणी राहिली, दुपारी मान टाकू लागली, पानांच्या कडा करपल्या आणि गड्डा धरण्याआधीच फुलाचा दांडा वर आला. त्यावरून तुम्ही विचारता की माती बरी की कोकोपीट, आणि जाळी ५० टक्क्यांची घ्यावी की ७५.

तुमची निरीक्षणे अचूक आहेत, पण त्यांतून माध्यमाबद्दल (म्हणजे कुंडीत किंवा ट्रेमध्ये जे भरले आहे त्याबद्दल) किंवा जाळीबद्दल स्वतंत्र निष्कर्ष काढता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी प्रकाशही वेगळा होता आणि माध्यमही वेगळे होते. रोपे कोकोपीटने गेली की अंधाराने, हे या मांडणीतून कळणार नाही. मी गेली अनेक वर्षे जाळीखाली पालेभाज्यांची रोपे वाढवतो आहे आणि माझ्या मते तुमच्याकडे दोष त्या दोघांच्या जोडीचा आहे. रोप दिवसभरात किती पाणी पिणार हे प्रामुख्याने जाळी ठरवते, आणि ते पाणी मुळांना हवेसकट कसे मिळणार हे माध्यम ठरवते. शेतात ज्याला आपण वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची अवस्था, तीच कुंडीत किंवा ट्रेमध्ये टिकवायची आहे. म्हणून जाळी आधी ठरवावी, माध्यम त्या जाळीला साजेसे करावे आणि पाणी देण्याची पद्धत शेवटी, त्या दोघांना पाहून ठरवावी.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य केले पाहिजे. दिवसाची लांबी, आकाश किती ढगाळ असते, रात्रीचे तापमान, वारा, तुमच्या पाण्यातले क्षार आणि तुम्ही लावलेला वाण यांपैकी कोणतीही गोष्ट बदलली की उत्तर थोडे सरकते. सुट्ट्या पानांचे वाण उष्णता आणि कमी प्रकाश थोडाफार सोसतात. घट्ट गड्ड्याचे कुरकुरीत वाण त्या मानाने फार नाजूक असतात. त्यामुळे खाली दिलेले आकडे सुरुवात करण्यासाठी आहेत, आणि ते तुमच्या जागेवर पडताळून पाहण्याची रीतही मी सोबत देत आहे.

प्रथम प्रकाश. दुपारच्या स्वच्छ उन्हात सुमारे एक लाख लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश असतो. लेट्यूसच्या एका पानाला त्यातला फार मोठा भाग वापरता येत नाही. पूर्ण उन्हाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापुढे त्या पानाची अन्न तयार करण्याची गती फारशी वाढत नाही आणि उरलेल्या प्रकाशाने पान फक्त तापते. मात्र रोपाला दिवसाचा एकूण हिशेब लागतो. हा हिशेब उत्पादक मोल या, पानाला वापरता येणारा प्रकाश मोजण्याच्या, एककात करतात. दिवसाला प्रति चौरस मीटर १२ ते १७ मोल प्रकाश मिळाला की लेट्यूस चांगले भरते. कडक उन्हाच्या स्वच्छ दिवशी उघड्यावर ४० किंवा त्याहून अधिक मोल पडतात. ५० टक्क्यांच्या जाळीखाली त्यांतले २० उरतात, ते पुरेसे असतात. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली १० उरतात, म्हणजे स्वच्छ आकाश असूनही रोप थोडे उपाशीच राहते. आणि आकाश ढगाळ होऊन उघड्यावरच २० मोल पडू लागले, की त्याच जाळीखाली जेमतेम ५ मोल पोहोचतात. एवढ्या प्रकाशात रोप जगते, पण वाढीच्या नावाखाली ते केवळ लांबत जाते. तुमची जाळीखालची रोपे किडकिडीत झाली, त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते.

हे तपासायला महाग उपकरण लागत नाही. साधा लक्समीटर, किंवा फोनमधले प्रकाश मोजणारे अ‍ॅप, तुलनेपुरते चालते. दुपारी आकाश स्वच्छ असताना एकदा उघड्यावर आणि लगेच एकदा जाळीखाली, रोपांच्या उंचीवर, मोजणी करा आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. जाळीवर छापलेले टक्के आणि प्रत्यक्ष सावली यांत बराच फरक निघू शकतो: धूळ बसलेली जाळी छापल्यापेक्षा जास्त अडवते, ताणून बांधलेली थोडे कमी अडवते, आणि वर प्लास्टिकचा कागद असेल तर त्याची सावली वेगळीच धरावी लागते. ढोबळ अंदाज म्हणून, १२ तासांच्या दिवसात रोपांवर सरासरी १५ ते २० हजार लक्स राहत असतील, तर १२ ते १६ मोलांचा हिशेब जुळतो.

जाळीचा रंगही महत्त्वाचा आहे. हिरवी जाळी हिरवा प्रकाश पुढे सोडते आणि पानांना सर्वाधिक उपयोगी असलेला लाल व निळा भाग तुलनेने जास्त अडवते. त्यातून लाल आणि अतिलाल (लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या) प्रकाशाचे प्रमाण बदलते, रोपाला आपल्यावर दुसऱ्या झाडाची सावली पडली आहे असे भासते आणि ते उंच होण्याचा प्रयत्न करते. काळी जाळी सगळे रंग जवळपास सारखेच कमी करते, पण स्वतः तापते. ती डोक्याच्या अगदी जवळ बांधली तर तिची उष्णता खाली उतरते. पांढरी जाळी प्रकाश पसरवते, त्यामुळे खालच्या पानांपर्यंतही तो पोहोचतो, आणि चंदेरी जाळी ऊन परतवून खालची जागा थंड ठेवते. माझी पहिली पसंती पांढऱ्या किंवा चंदेरी जाळीला आहे. काळीच असेल तर ती रोपांपासून दोन-अडीच मीटर उंच बांधावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी खाली सोडलेली जाळी वारा अडवते, आणि तो तोटा पुष्कळदा सावलीच्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

आता सावलीने रोपात काय बदलते ते पाहू, कारण इथे डोळे फसतात. जाळीखालचे पान मोठे, रुंद आणि मऊ दिसते, म्हणून पीक जोमात आहे असे वाटते. पण ते पान पातळ असते, त्यात पाणी जास्त आणि घन भाग कमी असतो, आणि मुळांचा पसाराही कमी राहतो. अशी जुडी काढणीनंतर लवकर मलूल होते. लाल वाणांचा रंग कमी प्रकाशात फिका पडतो. आणखी एक गोष्ट म्हणजे पानांतले नायट्रेट. पानातल्या नायट्रेटचे प्रथिनात रूपांतर होण्यासाठी प्रकाशातून मिळणारी ऊर्जा लागते. प्रकाश कमी आणि नत्र भरपूर असेल तर नायट्रेट पानातच साचते. युरोपीय संघाने आच्छादनाखाली वाढवलेल्या ताज्या लेट्यूससाठी घातलेली मर्यादा हिवाळी काढणीला किलोमागे ५००० मिलिग्रॅम आणि उन्हाळी काढणीला ४००० मिलिग्रॅम आहे. हिवाळी मर्यादा जास्त असण्यामागे हेच कारण आहे: हिवाळ्याच्या मंद प्रकाशात ते प्रमाण आपोआप चढते. म्हणून दाट सावलीत नत्रयुक्त खत वाढवून फिकेपणा घालवण्याचा प्रयत्न करू नका.

दांडा येण्याचा विषय वेगळा आहे. लांब दिवस आणि उष्णता, विशेषतः उष्ण रात्री, लेट्यूसला फुलोऱ्याकडे ढकलतात. दांडा येऊ लागला की चिकातले कडू घटक वाढतात, म्हणून कडूपणा आणि दांडा ही जोडीने येणारी लक्षणे आहेत. जाळीने हवेचे तापमान फार उतरत नाही. पानाचे आणि कुंडीचे तापमान मात्र चांगलेच उतरते. मुळांची उष्णता हा इथे फार दुर्लक्षित विषय आहे. सिंगापूरमधल्या संशोधकांनी उष्ण हवेतल्या ग्रीनहाउसमध्ये मुळांचा भाग सुमारे २० अंश सेल्सिअसला ठेवून लेट्यूस उत्तम वाढवून दाखवले आहे. वरचे पान गरम हवेत होते, पण मुळे थंड होती. तुमच्या काळ्या कुंडीवर दुपारी ऊन थेट पडते, तेव्हा उन्हाकडच्या बाजूचे माध्यम हाताला चटका देण्याइतके तापते. कुंडी पांढरी रंगवणे, तिला पोते गुंडाळणे किंवा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणे, एवढ्यानेही फरक पडतो.

माध्यमाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. कुंडीतले माध्यम जमिनीसारखे वागत नाही. जमिनीत पाणी खोल खाली खेचले जाते. कुंडीत पाण्याला तळाशी अडथळा येतो आणि निचऱ्यानंतरही तळाच्या काही सेंटिमीटर थरात सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहतात. या ओल्या थराची जाडी माध्यमाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. २० सेंटिमीटर उंच कुंडीत त्या थराच्या वर मुळांना भरपूर जागा मिळते. ७ सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये तोच थर जवळजवळ सगळी खोली व्यापतो. तळाशी खडी घातल्याने हा थर नाहीसा होत नाही, उलट तो मुळांच्या आणखी जवळ येतो. तुमचा उथळ ट्रे, त्यात बारीक कणांचे मिश्रण आणि वर दाट सावली, हे तिन्ही एकत्र आल्यावर मुळे गुदमरणारच होती.

माध्यमात हवा किती राहते हे घरी मोजता येते. तळाची भोके चिकटपट्टीने बंद केलेल्या कुंडीत मोजून एक लीटर माध्यम भरा, ते पूर्ण भिजून पाणी पृष्ठभागाशी येईपर्यंत सावकाश पाणी घाला, काही वेळ तसेच राहू द्या आणि मग भोके उघडून गळणारे पाणी एका भांड्यात गोळा करा. गळती थांबल्यावर १५० मिलिलीटर पाणी जमले, तर त्या कुंडीत हवेची जागा १५ टक्के आहे. लेट्यूससाठी मी १५ ते २० टक्के पाहतो. दाट सावलीत २० च्या पुढे गेलेले मला अधिक आवडते. १० पेक्षा कमी आले तर मिश्रण बदलावे.

गांडूळखत हे खत आहे आणि त्याच प्रमाणात वापरावे. त्याचे कण बारीक असतात, ते कोकोपीटच्या पोकळ्या भरतात, आणि त्यात क्षारही असतात. लेट्यूस क्षारांना बऱ्यापैकी संवेदनशील पीक आहे: मास आणि हॉफमन या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात लेट्यूसची सहनमर्यादा मातीच्या संपृक्त अर्कात (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात) १.३ डेसिसीमेन्स प्रति मीटर (क्षारतेचे एकक) दिली आहे, आणि त्यापुढे क्षारता एका एककाने वाढली की उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी घटते. निम्मे गांडूळखत असलेले मिश्रण ही मर्यादा सहज ओलांडू शकते. मी ते १५ ते २० टक्क्यांवर ठेवतो.

कोकोपीट चांगले माध्यम आहे, पण पाकिटातून काढून थेट वापरण्याचे नाही. त्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड असतात. गळणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता (त्यातल्या क्षारांचे माप, याच एककात) ०.५ च्या खाली येईपर्यंत मी ते धुतो, मग कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवतो आणि पुन्हा एकदा धुतो. नुसत्या पाण्याने विरघळलेले क्षार जातात, पण कणांना चिकटून राहिलेले पोटॅशियम आणि सोडियम जात नाहीत. ते कॅल्शियमला जागा देऊनच सुटतात. ही पायरी गाळली तर लागवडीनंतर तुम्ही दिलेले कॅल्शियम कोकोपीट स्वतःकडे ओढते आणि कोवळ्या पानांना ते कमी पडते. मातीबद्दल एवढेच सांगतो की वाफ्यात उत्तम असलेली मातीही कुंडीत रोजच्या पाण्याने घट्ट बसते, आणि बारीक वाळू तिला मोकळी करण्याऐवजी तिच्या उरलेल्या पोकळ्याही भरून टाकते.

जाळी आणि माध्यम एकमेकांवर कसे परिणाम करतात, हे मी एका फसलेल्या हंगामात शिकलो. लागोपाठ ढगाळ दिवस होते आणि ७५ टक्क्यांची जाळी काढायची राहून गेली होती. ट्रेमधल्या कोकोपीटचा वरचा थर रोज सकाळी फिकट तपकिरी, कोरडा दिसे, म्हणून रोज पाणी दिले जाई. आठवड्याने एक ट्रे उचलला तेव्हा तो अपेक्षेच्या दुपटीने जड लागला. रोप मातीसकट बाहेर काढले, तर वरच्या बोटभर भागातली मुळे पांढरी होती आणि खालची चहाच्या रंगाची, हाताला बुळबुळीत आणि आंबूस वासाची. दोन बोटांनी ओढली तर वरची साल निघून हातात आली आणि आतला दोरा तेवढा राहिला. तेच मिश्रण, तेवढ्याच पाण्यावर, उन्हातल्या कुंड्यांत उत्तम चालले होते. तेव्हापासून मी पृष्ठभागाच्या रंगावर विश्वास ठेवत नाही. भरपूर पाणी देऊन निथळलेला ट्रे मी वजनकाट्यावर ठेवतो, तो आकडा ट्रेवर लिहितो आणि सुकू शकणाऱ्या पाण्यापैकी साधारण तिसरा हिस्सा उडाल्यावरच पुढचे पाणी देतो. जाळीखाली पाणी उडायला उन्हातल्यापेक्षा दुप्पट वेळ लागणे अगदी सामान्य आहे.

याच संबंधातून पानांच्या कडा करपण्याचाही उलगडा होतो. करपणे दोन प्रकारचे असते. बाहेरच्या, जुन्या पानांच्या कडा कोरड्या, कागदासारख्या होत असतील तर क्षार किंवा उष्णतेचा ताण आहे. तुमच्या उघड्यावरच्या रोपांचे वर्णन याच्याशी जुळते. गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, ओलसर होत असतील तर तिथे कॅल्शियम पोहोचत नाही. कॅल्शियम पानातून उडणाऱ्या पाण्याबरोबर वर चढते, आणि गाभ्यातली मिटलेली पाने पाणी फारसे उडवत नाहीत. म्हणून दमट, वारा नसलेल्या सावलीतही हा विकार येतो आणि वेगाने वाढणाऱ्या भरदार रोपांत अधिक येतो. त्याला उपाय म्हणजे वारा खेळता ठेवणे; फवारलेले कॅल्शियम मिटलेल्या गाभ्यात फारसे पोहोचत नाही.

बियांची अवस्था वेगळी धरावी. लेट्यूसच्या अनेक वाणांना उगवायला प्रकाश लागतो. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की लाल प्रकाशाने हे बी उगवते आणि लगेच दिलेल्या अतिलाल प्रकाशाने ते पुन्हा थांबते. म्हणून बी खोल पेरू नये. वर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर व्हर्मिक्युलाइटचा (भाजून फुलवलेल्या, पाणी धरणाऱ्या अभ्रकासारख्या खनिजाचा) थर पुरतो. माध्यमाचे तापमान १८ ते २१ अंश असेल तर उगवण उत्तम होते, आणि ३० च्या आसपास अनेक वाणांचे बी सुप्त होऊन पडून राहते. त्यामुळे पेरणीनंतर दाट सावली योग्य आहे, पण ती थंडाव्यासाठी आणि उगवण दिसेपर्यंतच. पहिले अंकुर दिसले त्याच दिवशी ट्रे उजेडात हलवावेत; दोन दिवस उशीर झाला तरी रोपे लांबतात आणि ती पुढे कधीच आखूड होत नाहीत.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला असा. हिरवी जाळी काढून पांढरी किंवा चंदेरी, ४० ते ५० टक्क्यांची घ्या आणि ती सरकवता येईल अशी बांधा. लागवडीनंतरचे चार-पाच दिवस ती दिवसभर राहू द्या. नंतर सकाळचे आणि उतरतीचे ऊन रोपांना मिळू द्या आणि फक्त मधल्या चार-पाच तासांत सावली करा. ढगाळ दिवसांत जाळी पूर्ण बाजूला सरकवा. माध्यमात सुमारे ६० टक्के धुतलेले कोकोपीट, २० ते २५ टक्के जाड परलाइट (भाजून फुलवलेले हलके, पांढरे खनिज दाणे) आणि उरलेले गांडूळखत घ्या; कुंडी किमान १५ सेंटिमीटर खोल असावी. उघड्यावर, वाऱ्याच्या जागी लावणार असाल तर परलाइट कमी करून थोडे व्हर्मिक्युलाइट घाला, कारण तिथे पाणी धरून ठेवणे महत्त्वाचे ठरते. पोषणद्रव्य देत असाल तर विद्युतवाहकता १.२ ते १.८ आणि सामू (पीएच) ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान ठेवा. कडक उष्णतेत खालच्या आकड्याजवळ राहा, कारण त्या दिवसांत रोप पाणी जास्त आणि क्षार कमी घेते.

माध्यम आणि जाळी यांचा परिणाम वेगवेगळा पाहायची तुमची इच्छा मला फार योग्य वाटते, आणि त्यासाठी जास्त जागा लागत नाही. एकाच वाणाची, एकाच दिवशी पेरलेली, एकसारखी वीस रोपे घ्या. दहा माती-वाळूत आणि दहा वरच्या मिश्रणात लावा, सगळ्यांना सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच रंगाच्या कुंड्या द्या, आणि मग प्रत्येकी पाच जाळीखाली व पाच उघड्यावर ठेवा. पाणी घड्याळाप्रमाणे न देता प्रत्येक गटाच्या कुंडीच्या वजनाप्रमाणे द्या, नाहीतर माध्यमाऐवजी पाण्याचीच परीक्षा होईल. काढणीला प्रत्येक रोपाचे ताजे वजन घ्या, आणि जमल्यास प्रत्येक गटातले एक रोप पूर्ण वाळवून त्याचेही वजन घ्या, कारण सावलीतल्या पानातले पाणी तेव्हाच उघड होते.

दांडा आलेली रोपे आता काढून टाका. शेंडा खुडल्याने कडूपणा परत जात नाही. जाळीखाली आडवी पडलेली रोपे आजूबाजूच्या माध्यमासकट उचला आणि ते माध्यम रोपांच्या ट्रेमध्ये पुन्हा वापरू नका, कारण मूळकुजीची बुरशी त्यात टिकून राहते. मातीच्या कुंड्या मात्र फेकण्याची गरज नाही. त्यांतली माती मोकळी करा, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट स्वच्छ पाणी तीतून सावकाश निथळू द्या आणि गळणाऱ्या शेवटच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. तो आकडा आणि तुमच्या जाळीखालचा दुपारचा लक्सचा आकडा इथे लिहिलात, तर मिश्रणात काय बदलायचे ते मी अधिक नेमके सांगू शकेन.